सातपुड्यातील विमान अपघात आणि झोळीची परंपरा

खानदेशच्या इतिहासलेखनाचा ओघ बहुतांशी तापीच्या पात्राबरोबर वाहत आला आहे. थाळनेरसारखी जुनी ठाणी, काळ्या मातीतला कापूस, भुसावळचे रेल्वे जंक्शन आणि जळगावची बाजारपेठ यांचे तपशील विपुल आढळतात. खोऱ्याच्या दोन्ही अंगांना उभे असलेले डोंगर मात्र त्या लेखनात सीमारेषा म्हणून येतात आणि तेवढ्यावरच थांबतात. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याच्या रांगा आणि पश्चिमेकडे सह्याद्रीचे फाटे अशा चौकटीत बसलेला हा प्रदेश १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम खानदेश असा विभागला गेला, पुढे त्याच दोन जिल्ह्यांना जळगाव आणि धुळे ही नावे मिळाली आणि १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. या सर्व फेररचनांत सातपुड्याची रांग तिन्ही जिल्ह्यांच्या माथ्यावर तशीच राहिली. विसाव्या शतकात या रांगेजवळून विमाने उडू लागली आणि एकविसाव्या शतकात तिच्या पायथ्याशी वैमानिक घडवण्याच्या शाळा सुरू झाल्या, तेव्हा डोंगरात माणूस कोसळला तर तो वाचतो कसा, हा प्रश्न खानदेशच्या इतिहासात नव्या रूपाने उभा राहिला. त्याचे उत्तर मात्र बऱ्याच अंशी जुनेच होते, आणि ते विमानविद्येच्या पुस्तकांपेक्षा डोंगरातल्या पाड्यांवर अधिक स्पष्टपणे सापडते.

सातपुड्याचा दक्षिण उतार हा उत्तर उताराच्या मानाने एकदम तुटलेला आहे. तापीचे सपाट मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे दोनशे ते अडीचशे मीटर उंचीवर पसरलेले असते आणि त्याच्या उत्तर कडेला अनेर, गूळ, मोर, सुकी यांसारख्या नद्या ज्या घळींमधून बाहेर पडतात, तेथपासून डोंगर झपाट्याने चढत जातो. पश्चिमेकडे तोरणमाळच्या पठारावर व अस्तंभ्याच्या शिखरावर ही उंची एक हजार मीटरच्याही वर पोहोचते. धुळे-नंदुरबारच्या भागात याखेरीज ज्वालामुखीच्या काळात भेगांमध्ये शिरून थिजलेल्या काळ्या खडकाच्या लांबलचक भिंती जमिनीवर उभ्या आहेत. भूशास्त्रज्ञ त्यांना डाइक म्हणतात आणि मैलोन्‌मैल सरळ रेषेत धावणाऱ्या या अरुंद टेकड्यांमुळे वरवर सपाट वाटणाऱ्या प्रदेशातही उतरायला मोकळी जागा शोधणे सोपे राहत नाही. जमिनीवरून चालणाऱ्या माणसासाठी हे अडथळे होते. हवेतून जाणाऱ्यासाठी ते वाऱ्याला वळवणारे, उचलणारे आणि खाली ढकलणारे आकार ठरले.

या डोंगरांतून जाणाऱ्या वाटांवर कोणाचा ताबा असावा, यावर एकोणिसाव्या शतकात रक्त सांडले आहे. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या हाती गेल्यानंतर सातपुड्यातील भिल्ल नायकांशी त्यांचा संघर्ष वर्षानुवर्षे चालला, आणि निव्वळ लष्करी मोहिमांनी डोंगर ताब्यात येत नाही हे उमगल्यावर १८२५ मध्ये भिल्लांचेच एक पथक उभारण्यात आले. खानदेश भिल्ल पलटण या नावाने ओळखल्या गेलेल्या या पथकाचे नेतृत्व जेम्स औट्रम या अधिकाऱ्याकडे होते आणि त्याचे ठाणे आजच्या जळगाव जिल्ह्यातील धरणगाव येथे होते. मुंबई-आग्रा रस्त्यावरील सेंधव्याच्या घाटाच्या राखणीचे काम ज्यांच्याकडे सोपवले होते, ते खाज्या नाईक पुढे १८५७ च्या उठावात इंग्रजांविरुद्ध उभे राहिले आणि ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणी येथे भिल्लांची व इंग्रज सैन्याची मोठी लढाई झाली. या घटनाक्रमातून प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने एक गोष्ट ठळकपणे दिसते: ज्यांनी सातपुड्याशी वैर धरले त्यांनाही आणि ज्यांनी तेथे आश्रय घेतला त्यांनाही, डोंगरातली वाट तेथे राहणाऱ्या माणसांवाचून सापडली नाही. नकाशे आले, रस्ते आले, तारायंत्र आले, तरी घळीत उतरणारी पायवाट कोणती आणि पावसाळ्यात कोणता नाला किती वेळात ओसरतो, हे ज्ञान भिल्ल, पावरा, बारेला आणि तडवी समाजांकडेच राहिले.

डोंगर आणि उड्डाण यांचे नाते युरोपातही याच शतकाच्या अखेरीस जुळले, आणि ते इंजिनाच्या विमानाने नव्हे, ग्लायडरने जुळले. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेले, पंखांच्या आधाराने हवेतून घसरत पुढे जाणारे विमान. ते सतत थोडे थोडे खाली येत असते आणि भोवतालची हवाच वर चढत असेल तर तिच्याबरोबर स्वतःही वर चढते. जर्मनीतील ओटो लिलिएन्थाल याने टेकड्यांच्या माथ्यावरून दोन हजारांहून अधिक वेळा अशी झेप घेतली होती. ९ ऑगस्ट १८९६ रोजी सुमारे पंधरा मीटर उंचीवरून तो कोसळला, मानेचे हाड मोडले, आणि गावातून गाडीने व पुढे आगगाडीने त्याला बर्लिनला नेण्यात आले. तेथे दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला. उड्डाणाच्या इतिहासात ही घटना विमानाच्या रचनेतील दोष म्हणून नोंदली गेली आहे, परंतु जखमी माणसाला टेकडीपासून वैद्यापर्यंत पोहोचवण्यास लागलेला वेळ हाही तिचा एक भाग आहे, आणि त्या भागाकडे सहसा लक्ष दिले जात नाही.

पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीवर इंजिनाच्या विमानांबाबत कडक बंधने आली, तेव्हा तेथील तरुण १९२० पासून वासरकुप्पे या डोंगरावर ग्लायडर घेऊन जमू लागले. उतारावर आदळणारा वारा वर वळतो आणि त्या वर जाणाऱ्या पट्ट्यात राहिल्यास ग्लायडर तासन्‌तास तरंगू शकते, हे १९२२ मध्ये तेथे सिद्ध झाले. त्या वर्षी एकाच विमानाने आधी एक तास, मग दोन आणि अखेर तीन तासांचे उड्डाण केले. चार वर्षांनी माक्स केगेल नावाचा वैमानिक त्याच डोंगराजवळ वादळी ढगात ओढला गेला आणि इच्छा नसताना सुमारे ५५ किलोमीटर दूर जाऊन सुखरूप उतरला. सर्वांनाच असे दैव लाभले नाही. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात एक जर्मन महिला पॅराग्लायडरसह, म्हणजे दोऱ्यांनी बांधलेल्या कापडी पंखासह, गडगडाटी ढगात शिरून जवळजवळ दहा हजार मीटर उंचीपर्यंत फेकली गेली, थंडीने व विरळ हवेने बेशुद्ध झाली आणि तरीही वाचली. त्याच दिवशी त्याच ढगाने ओढलेल्या दुसऱ्या एका वैमानिकाचा मृत्यू झाला. भारतात ग्लायडिंगचे शिक्षण स्वातंत्र्यानंतर रुजले. पुण्याजवळ हडपसर येथे सरकारी ग्लायडिंग केंद्र उभे राहिले, एस. राममृतम् यांच्या आराखड्यावरून अश्विनी व रोहिणी ही देशी ग्लायडर तयार झाली, आणि राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेतील मुलामुलींना ग्लायडरमधून आकाशाची पहिली ओळख होऊ लागली.

ग्लायडरच्या अनुभवातून डोंगरातील हवेविषयी जे नियम हाती आले, ते इंजिनाच्या लहान विमानालाही जसेच्या तसे लागू पडतात, कारण इंजिन बंद पडलेले विमान त्या क्षणापासून ग्लायडरच असते. प्रशिक्षणाच्या साध्या एकइंजिनी विमानाचे घसरण-गुणोत्तर, म्हणजे एक मीटर खाली येताना ते किती मीटर पुढे जाते याचे प्रमाण, साधारण नऊच्या आसपास असते. उत्तम ग्लायडरमध्ये हेच प्रमाण चाळीस-पन्नासपर्यंत जाते. जमिनीपासून एक हजार मीटर उंचीवर इंजिन थांबले, तर प्रशिक्षण विमानाच्या वैमानिकाला शांत हवेत नऊएक किलोमीटरचे अंतर आणि साडेचार मिनिटांच्या आसपास वेळ मिळतो. तापीच्या मैदानावर एवढा वेळ एखादे मोकळे शेत निवडायला पुरतो. सातपुड्यावर मात्र ज्या उंचीचा हिशेब धरायचा ती जमीनच वर उचललेली असते, दरीत वळण घ्यायला जागा अपुरी पडते आणि वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला खाली दाबणारी हवा भेटली की नऊचे प्रमाण पाहता पाहता निम्म्यावर येते.

खानदेशात हे धोके ऋतूंप्रमाणे रूप बदलतात. हिवाळ्यात वारा बहुधा उत्तरेकडून किंवा ईशान्येकडून येतो आणि सातपुडा ओलांडून तापीच्या खोऱ्यात उतरतो, त्यामुळे खानदेशची बाजू वाऱ्याच्या आडोशाची ठरते. वारा जोराचा असल्यास माथ्यापलीकडे हवा खाली कोसळते आणि तिच्याखाली भोवरे फिरतात, ज्यांना वैमानिकांच्या परिभाषेत रोटर म्हणतात. उन्हाळ्यात काळी जमीन तापून उष्ण हवेचे स्तंभ उठतात, ज्यांवर स्वार होऊन घारी दुपारभर पंख न हलवता फिरतात. हेच स्तंभ ग्लायडरला उपकारक आणि हलक्या विमानाला दणके देणारे असतात. त्याच दिवसांत उष्णतेने हवा विरळ होते. जळगावात तापमान ४२ अंशांवर गेले की तेथील धावपट्टीवरचे विमान सुमारे तेराशे मीटर उंचीच्या ठिकाणी असल्यासारखे वागते, उचल घ्यायला जास्त अंतर घेते आणि चढण्याचा वेग गमावते. पावसाळ्यात ढग डोंगरमाथ्यांवर टेकतात, आणि हा धोका सर्वांत जुना व सर्वांत घातक आहे.

ढगाने झाकलेल्या डोंगराने महाराष्ट्रात मोठी विमानेही गिळली आहेत. ७ जुलै १९६२ रोजी बँकॉकहून मुंबईकडे येणारे अलिटालिया कंपनीचे डीसी-८ जेट विमान मुंबईच्या ईशान्येला जुन्नरच्या बाजूला असलेल्या दावंड्याच्या डोंगरावर आदळले आणि त्यातील सर्व ९४ जण मृत्युमुखी पडले. आपले स्थान चुकीचे समजून वैमानिकांनी वेळेआधीच उंची कमी केली होती. ४ ऑगस्ट १९७९ रोजी इंडियन एअरलाइन्सचे एक विमान मुंबईला उतरण्याच्या बेतात असताना पनवेलजवळच्या डोंगरावर आदळले आणि ४५ जण मरण पावले. दोन्ही घटना पावसाळ्यातल्या आहेत आणि दोन्हींमध्ये विमान हातातून सुटलेले नव्हते. ते चालू स्थितीत, नियंत्रणात असताना, न दिसलेल्या जमिनीवर गेले. अशा टक्करीत वेग पूर्ण असतो, म्हणून कोणी वाचण्याची शक्यता जवळजवळ नसते. लहान विमानाचा वेग मुळातच कमी असल्याने तेथे ही शक्यता थोडी उघडी राहते, आणि म्हणूनच लहान विमानांच्या बाबतीत मदत किती लवकर पोहोचते याला जीवनमरणाचे महत्त्व येते.

खानदेशच्या आकाशातून नियमित हवाई वाहतूक १९३७ मध्ये सुरू झालेल्या टाटांच्या मुंबई-दिल्ली सेवेपासून जाऊ लागली. इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर असे थांबे घेणारी ती विमाने सह्याद्री उतरून तापीचे खोरे व पुढे सातपुडा ओलांडत असत. जमिनीवर मात्र विमानविद्या उशिरा आली. १९७३ मध्ये सार्वजनिक बांधकाम विभागाने जळगावची धावपट्टी बांधली, त्याच दशकात धुळ्याजवळ गोंदूर येथे धावपट्टी झाली, आणि पुढे शिरपूरजवळ तांडे येथे शिक्षणसंस्थेच्या पुढाकाराने तिसरी तयार झाली. जळगावच्या विमानतळाचे नवे रूप २०१२ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते खुले झाले. त्या स्वतः जळगावच्या. १९२८ मध्ये जुहू येथे स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबने, ज्या क्लबात शिकून जे. आर. डी. टाटा यांनी १९२९ मध्ये भारतातील पहिला वैमानिक परवाना मिळवला, मुंबईच्या आकाशातली गर्दी वाढल्यावर प्रशिक्षणाचे काम धुळ्याला आणले. शिरपूरला एनएमआयएमएस या शिक्षणसंस्थेची विमानविद्या अकादमी उभी राहिली, आणि २०२१ मध्ये भारतीय विमानतळ प्राधिकरणाने उड्डाण प्रशिक्षणासाठी देशातील ज्या पाच विमानतळांची निवड केली, त्यांत बेळगाव, कलबुर्गी, खजुराहो आणि लीलाबारी यांच्याबरोबर जळगावही होते.

वैमानिक घडवण्याचा व्यवसाय खानदेशात यावा यामागची कारणे सरळ आहेत. पावसाळा सोडला तर बहुतेक महिने आकाश निरभ्र असते, मोठ्या विमानांची वर्दळ कमी असते आणि नवशिक्याला दिशा चुकू न देणारी एक रुंद नदी, एक महामार्ग व एक लोहमार्ग खाली दिसत राहतो. परंतु मैदानाची रुंदी मर्यादित आहे, आणि शिरपूर किंवा चोपड्याच्या आकाशात उत्तरेकडे वळलेले विमान काही मिनिटांतच जंगलावर पोहोचते.

१६ जुलै २०२१ रोजी नेमके याच पट्ट्यात अपघात झाला. शिरपूरच्या अकादमीचे प्रशिक्षण विमान जळगाव जिल्ह्यातील चोपडा तालुक्यात, वर्डी गावाच्या शिवारालगत सातपुड्याच्या जंगलात कोसळले. विमानात दोघे होते. प्रशिक्षक वैमानिकांचा मृत्यू झाला आणि प्रशिक्षण घेणारी तरुणी गंभीर जखमी अवस्थेत अवशेषांत सापडली. प्रारंभीच्या बातम्यांत हेलिकॉप्टर कोसळल्याचे सांगितले जात होते, यावरून घटनास्थळ किती आडबाजूला होते आणि बाहेरच्या जगाला किती त्रोटक माहिती मिळत होती, याची कल्पना येते. तेथे सर्वांत आधी पोहोचले ते आवाज ऐकून धावलेले परिसरातील आदिवासी व शेतकरी. वाहन जाईल असा रस्ता नव्हता, पावसाने वाट निसरडी झाली होती, आणि जखमी मुलीला हलवायला कोणतेही साधन हाताशी नव्हते. तेव्हा तेथील एका भिल्ल महिलेने आपल्या अंगावरील साडी काढून दिली, लाकडाच्या दांड्याला ती बांधून झोळी करण्यात आली, आणि लोकांनी आळीपाळीने खांदा देत त्या मुलीला डोंगरातून रस्त्यापर्यंत आणले. तेथून तिला उपचारासाठी चोपड्याला नेण्यात आले, आणि तिचे प्राण वाचले.

या प्रसंगाची त्या वेळी महाराष्ट्रभर प्रशंसा झाली, ती योग्यच होती. तथापि प्रशंसेचा सूर बहुधा त्यागाचा होता. एका गरीब बाईने लज्जेचा विचार बाजूला ठेवून साडी दिली, एवढ्यावर वर्णन थांबत असे. इतिहासाच्या दृष्टीने पाहिले असता त्या कृतीत त्यागाबरोबरच कसब होते, आणि ते कसब एका दिवसात जन्मलेले नव्हते. साडीची झोळी कशी बांधावी, गाठ कोठे द्यावी, वजन किती जणांत वाटावे, निसरड्या उतारावर पुढच्या माणसाने पाऊल कसे टाकावे, हे त्या माणसांना माहीत होते, कारण त्यांच्या घरातील बाळंतिणी, सर्पदंश झालेली माणसे आणि तापाने फणफणलेली मुले पिढ्यान्‌पिढ्या याच मार्गाने दवाखान्यापर्यंत गेली आहेत.

झोळी हे सातपुड्यातील सर्वांत जुने रुग्णवाहन म्हणता येईल. तिची रचना साधी आहे: माणसाच्या उंचीहून बराच लांब, सरळ, वाळलेला बांबू किंवा लाकडी दांडा, त्याला दोन्ही टोकांकडे घट्ट गाठींनी बांधलेले घोंगडे, चादर किंवा लुगडे, आणि दांड्याच्या दोन्ही टोकांशी एकेक किंवा दोनदोन खांदेकरी. डोली किंवा मेणा यांना चौकट व बैठक लागते, म्हणून ती श्रीमंतांची व सपाट वाटेची वाहने राहिली. झोळीला जंगलात मिळेल तो दांडा आणि घरात असेल ते कापड पुरते, आणि एकामागे एक चालणारे दोन खांदेकरी जेथून जाऊ शकतात अशा कोणत्याही पायवाटेवरून ती जाते. झोळीबरोबर मोकळ्या हाताची माणसेही चालतात, कारण खांदा बदलावा लागतो. त्यामुळे एका रुग्णाला नेण्यासाठी अर्धा पाडा निघतो आणि वाटेत लागणाऱ्या पाड्यांतली माणसे त्यांची जागा घेतात. चढावर रुग्णाचे डोके पुढे आणि उतारावर पाय पुढे ठेवण्याची रीत आहे, जेणेकरून डोके नेहमी वरच्या अंगाला राहावे. गिर्यारोहणाच्या बचाव पथकांनाही आज हेच शिकवले जाते.

या साधनाच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे मांडणे आवश्यक आहे. झोळीत शरीर मध्ये वाकते. पाठीचा कणा किंवा मान दुखावलेल्या माणसाच्या बाबतीत हा बाक कायमचे अपंगत्व आणू शकतो, आणि विमान किंवा ग्लायडर कोसळल्यावर कण्याला इजा होण्याचा धोका मोठा असतो, कारण पडण्याचा झटका बसलेल्या माणसाच्या पाठीतून वर जातो. म्हणून जेथे थांबणे शक्य असते तेथे जखमीला न हलवता जागीच स्थिर ठेवावे आणि ताठ स्ट्रेचरची वाट पाहावी, असे वैद्यकशास्त्र सांगते. परंतु रक्तस्राव चालू असेल, इंधनाचा वास येत असेल आणि अंधार पडण्याआधी स्ट्रेचर येण्याची आशा नसेल, तर हा सल्ला जंगलात निरुपयोगी ठरतो. दोन समांतर दांडे घेऊन त्यांवर कापड ताणून बांधल्यास किंवा कापडाखाली फळी घातल्यास बाक बराच कमी होतो, आणि ही सुधारणा झोळी बांधू जाणणाऱ्याला शिकवायला एक दुपार पुरते.

झोळीविषयी आणखी एक वेदनादायक वस्तुस्थिती सांगितल्याशिवाय हा इतिहास पूर्ण होत नाही. धडगाव, अक्कलकुवा, शिरपूर, चोपडा, यावल या तालुक्यांतील दुर्गम पाड्यांवरून गर्भवतींना झोळीतून नेल्याच्या बातम्या आजही दर पावसाळ्यात येतात, आणि वर्तमानपत्रांनी त्या झोळीला बांबूलन्स असे नाव दिले आहे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये सुरू झाली, नर्मदाकाठच्या गावांसाठी तरंगता दवाखाना चालवला गेला, तरी रस्ता जेथे संपतो तेथे रुग्णवाहिका थांबते आणि झोळीच पुढे जाते. विमानासह कोसळलेल्या मुलीला ज्यांनी वाचवले, त्यांच्या स्वतःच्या मुली त्याच वाटेवर जीव गमावतात, हे या प्रदेशाच्या इतिहासातील मोठ्या अन्यायकारक विसंगतीचे चित्र आहे, आणि त्याची जबाबदारी डोंगरावर ढकलता येत नाही.

अपघातानंतरचा पहिला टप्पा शोधाचा असतो. आधुनिक विमानांत आपत्कालीन स्थाननिर्देशक प्रेषक, म्हणजे जोराचा आघात होताच आपोआप चालू होणारे छोटे रेडिओयंत्र, बसवलेले असते. त्याचे ४०६ मेगाहर्ट्झवरील संदेश कॉस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेचे उपग्रह टिपतात आणि भारतात ते इस्रोच्या बंगळुरू येथील केंद्राकडे येतात. १२१.५ मेगाहर्ट्झच्या जुन्या संदेशांवर उपग्रहांनी लक्ष ठेवणे फेब्रुवारी २००९ मध्ये बंद झाले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी यांचे हेलिकॉप्टर नल्लमलाच्या जंगलात बेपत्ता झाले तेव्हा, मोठी यंत्रणा कामाला लावूनही, अवशेष सापडायला जवळजवळ एक दिवस गेला. आघातात यंत्राची तार तुटली, यंत्र पाण्यात बुडाले किंवा घळीच्या भिंतीआड गेले, तर संदेश क्षीण होतो. सातपुड्यात याला झाडीचीही भर पडते. उन्हाळ्यात निष्पर्ण झालेल्या सागाच्या जंगलात पांढरे विमान दुरून दिसेल, पण जुलैत सागाची रुंद पाने एकमेकांना भिडलेली असतात आणि वरून फिरणाऱ्या शोधविमानाला खालचे काहीही दिसत नाही. अशा वेळी आवाज कोणत्या घळीतून आला हे सांगू शकणारा गुराखी हा उपग्रहाइतकाच भरवशाचा साक्षीदार असतो, आणि वर्डीजवळ घडले ते याच प्रकारचे होते.

अपघाताच्या चौकशीची पद्धत मात्र आता बदलली आहे. पूर्वी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयच नियमनही करी आणि चौकशीही पाही. २०१२ मध्ये विमान अपघात अन्वेषण ब्युरो ही वेगळी संस्था स्थापन झाली, आणि आंतरराष्ट्रीय संकेतानुसार तिच्या चौकशीचा हेतू दोषी ठरवणे हा नसून पुढचा अपघात टाळणे हा असतो. चोपड्याच्या अपघातानंतरही अशी चौकशी झाली. या अहवालांमध्ये अपघातातून माणसे कशी वाचली किंवा का वाचली नाहीत, यासाठी स्वतंत्र प्रकरण राखलेले असते. आसनपट्टे टिकले का, आग लागली का, मदत कधी आली, याची नोंद तेथे होते. खानदेशच्या संदर्भात या नोंदींत पाड्यांवरील माणसांच्या कामाला तांत्रिक बाब म्हणून स्थान मिळायला हवे. गौरवाचे शब्द वर्तमानपत्रात शोभतात, परंतु किती जणांनी, कोणत्या साधनाने, किती अंतर, किती वेळात पार केले, ही माहिती पुढच्या वेळी उपयोगी पडणारी आहे.

खानदेशात वैमानिक घडवण्याचे काम आता वाढतच जाणार आहे. तेव्हा सातपुड्याच्या पायथ्याच्या ग्रामपंचायती, वन विभाग, प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि प्रशिक्षण संस्था यांनी एकत्र बसून पाड्यांची, पायवाटांची व संपर्काच्या ठिकाणांची यादी तयार करावी. प्रत्येक मोठ्या पाड्यावर एक घडीचे ताठ स्ट्रेचर आणि प्रथमोपचाराची पेटी ठेवावी. झोळी नेणाऱ्या तरुण-तरुणींना कणा स्थिर ठेवण्याचे शिक्षण द्यावे. आणि हे साहित्य विमानासाठी राखून न ठेवता पाड्यावरील बाळंतिणीसाठी रोज खुले असावे. त्याहून आधी, वर्डीच्या शिवारापासून तोरणमाळच्या घाटापर्यंत जे पाडे अजून पक्क्या रस्त्यावाचून आहेत, त्यांना रस्ता द्यावा.